रुजवातीची खूण

“बाई, तुम्ही खोटी नक्कल दिलीत असं साहेब म्हणताहेत. ताबडतोब या.”

शिपायाने एवढंच बोलून फोन ठेवला. रुजवातबाईंनी गॅस बंद केला, चहा पातेल्यातच राहू दिला आणि चपला पायात सरकवल्या. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. पाच वर्षांत कचेरीला त्यांची आठवण एकदाही आली नव्हती, आणि आली ती अशी!

रुजवातबाई हे त्यांचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. जन्म-मृत्यूच्या दफ्तरात त्यांनी एकतीस वर्षं एकच काम केलं. कुणी दाखल्याची नक्कल मागितली की लिहिणाऱ्याने ती मूळ वहीतून उतरवायची. मग दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने वहीतून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने नकलेवर डोळा ठेवायचा, आणि ओळ जुळली की नकलेतल्या त्या ओळीच्या शेवटी पेन्सिलीने बारीकशी खूण करायची. याचं नाव रुजवात. बाईंची खूण म्हणजे एक ठिपका. वाचायची पाळी आली की त्या चालीवर वाचायच्या. गेलेल्या माणसाचं नाव उरकून टाकल्यासारखं घेऊ नये, देवाघरीही ते असंच कुणीतरी नीट वाचत असेल, असं त्यांचं म्हणणं. बाहेरच्या रांगेतली माणसं भांडणं थांबवून ऐकायची. तेव्हापासून कचेरीने त्यांचं बारसं करून टाकलं.

साहेबांच्या खोलीत तिघं होती. टेबलामागे साहेब, वय कमी, कपाळावर आठ्या जास्त. खुर्चीत कडक इस्त्रीचा एक गृहस्थ, पायावर पाय टाकून. आणि भिंतीला पाठ लावून उभी एक बाई. गळ्यात मापाची फीत तशीच लोंबत होती; मशीनवरून उठून आली असावी. तिला कुणी बसा म्हटलेलं दिसत नव्हतं.

रुजवातबाईंनाही कुणी म्हटलं नाही. त्यांनी स्वतःच एक स्टूल ओढलं, आणि दुसरं त्या बाईकडे सरकवलं.

साहेबांनी एक पिवळा पडलेला कागद पुढे टाकला. “ही सही तुमची?”

“माझी.”

“नीट बघून बोला.”

“बघूनच केली होती, आता बघूनच बोलतेय. तेरा वर्षांपूर्वीची नक्कल. प्रत्येक ओळीशी माझा ठिपका आहे.”

“यात मृत्यूची तारीख काय लिहिलीय?”

“एकोणीस.”

“आणि मूळ वहीत आहे नऊ.” साहेब मागे रेलले. “मूळ वहीत नऊ, आणि तुमच्या सहीच्या नकलेत एकोणीस. दहा दिवस कुठून आणलेत, बाई?”

खुर्चीतला गृहस्थ खुसखुसला. “माझे वडील म्हणजे थोर माणूस. नऊ तारखेला वारले, आणि चौदाला उठून मृत्युपत्र करून परत झोपले. वहिनींनी बोट धरून बसवलं असेल.”

“भाऊजी, जीभ आवरा!” शिंपीण भिंतीपासून सुटली. “मामंजींना शेवटपर्यंत मी भरवलंय. तुम्ही आलात ते बाराव्याला नाही, तेराव्याला नाही, महिन्यानं!”

“भरवलंत ना, त्याचंच बिल लावलंत. घर आणि दुकान.”

“थांबा.” रुजवातबाईंनी हात वर केला. “एकेक करून. बाई, तू सांग.”

शिंपिणीने सांगितलं, धापा टाकत. नवरा आधीच गेला होता. सासऱ्यांनी चौदा तारखेला साध्या कागदावर मृत्युपत्र केलं, दोन साक्षीदारांसमोर. घर नि पाण्याच्या टाकीसमोरचं दुकान सासूबाईंना त्यांच्या हयातीपुरतं, पुढे सुनेला. एकोणीसला ते गेले. सासूबाई होत्या तोवर सगळं सुरळीत होतं. त्या गेल्या वर्षी गेल्या, आणि दिराने दावा लावला की मृत्युपत्रच बनावट आहे.

“साक्षीदार?”

“एक वारले. दुसऱ्यांचा पत्ता नाही, मावशी. डॉक्टरही राहिले नाहीत. शेजाऱ्यांना तेरा वर्षांपूर्वीची तारीख विचारली तर कोण सांगणार? माझ्याकडे हा एकच कागद होता. मी म्हटलं, ताजी नक्कल काढावी म्हणजे कोर्टात प्रश्न नको. तर खिडकीतून हातात आलं ते हे. नऊ!”

“उद्या अकरा वाजता कोर्टात तारीख आहे,” दीर म्हणाला. “उद्या घर रिकामं, आणि खोटा कागद केल्याबद्दल वहिनी आत. मी तर म्हणतो, सोबतीला या बाईंनाही घेऊन जा. दोघींचं जमेल.”

“निकाल लागायचाय अजून!” शिंपीण ओरडली. “मी आत बसून कपडे शिवतेय आणि तुमचा पाटी रंगवणारा बाहेर माझ्या दुकानाचं माप घेतोय! पावणेनऊ फूट, पावणेनऊ फूट म्हणून रस्ताभर ऐकू जाईल असं ओरडत होता मेला!”

“माप घ्यायला काय पैसे पडतात?” दीर छताकडे बघत म्हणाला.

साहेबांनी टेबलावर पट्टी आपटली. “इथं भांडायचं नाही. पाच वाजेपर्यंत वहीच्या खरेपणाचा अहवाल कोर्टात गेला पाहिजे, आणि त्यासोबत तुम्हा दोघींविरुद्ध तक्रार. बाई, तुम्हाला काही म्हणायचं असेल तर लेखी द्या.”

“वही दाखवा.”

“कशाला?”

“एकतीस वर्षं नक्कल बघितल्याशिवाय सही केली नाही. आज वही बघितल्याशिवाय तुरुंगात कशी जाऊ?”

साहेबांनी ओठ आवळले. पण शिपायाला खूण केली.

वही आली. जाडजूड, नवा करकरीत पुठ्ठा, आत जुनी पानं. गेल्या वर्षीच पुन्हा बांधून घेतली होती. पानाच्या एकाच बाजूला लिहायची पद्धत. दर पानावर पाच नोंदी, खाली त्या वेळच्या साहेबांची सही आणि गोल शिक्का. बाईंनी पान काढलं. तिसरी ओळ. मृत्यूची तारीख नऊ. खाडाखोड नाही, खरवड नाही, शाई पसरलेली नाही.

आणि अक्षर! टपोरं, गोल, एकसारखं. ते अक्षर बाईंनी झोपेतही ओळखलं असतं. ते मोतीचं होतं. त्या अक्षरामुळेच त्याला सगळे मोती म्हणायचे. तेरा वर्षांपूर्वी मृत्यूची वही तोच लिहायचा.

“अक्षरतज्ज्ञाला दाखवलंय,” साहेब म्हणाले. “एकाच हाताचं, आणि त्याच कारकुनाचं. झालं समाधान?”

बाईंनी चष्मा पुसला आणि त्या पुन्हा वाकल्या. खबर देणाऱ्यांच्या रकान्यात दोन सह्या, तीन अंगठे. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या ओळीत. तिन्ही अंगठ्यांच्या मधून एक बारीक पांढरी रेघ तिरकी गेलेली. त्यांच्या पुढे, ओळी जिथे संपतात तिथे, पेन्सिलीच्या पाच बारीक तिरक्या रेघा.

“या अंगठ्यांत ही पांढरी रेघ कसली?”

“शाईच्या गादीला सुरकुती असेल. बाई, मला इतर कामं आहेत.”

बाईंनी चार पानं मागे, चार पानं पुढे चाळली. खूप अंगठे होते. त्यांनी वही मिटली.

“साहेब, मला साडेचारपर्यंत वेळ द्या.”

“कसला वेळ? तुम्ही आता नोकरीत नाही.”

“आरोपी तर आहे ना? आरोपीला तेवढं मिळतं.” त्या शिंपिणीकडे वळल्या. “खबर द्यायला कचेरीत कोण आलं होतं, तू?”

“मीच, मावशी.”

“सही केलीस?”

शिंपीण खाली बघत म्हणाली, “तेव्हा सही कुठं येत होती? गिऱ्हाइकांच्या पावत्या लिहायच्या म्हणून नंतर शिकले. तेव्हा अंगठाच दिला होता.”

“बरं. इथून हलू नकोस.”

दफ्तराची खोली तळघरासारखी थंड होती. लोखंडी घोड्यांच्या फळ्यांवर वह्यांच्या रांगा, वर्षांचे आकडे पाठीवर. मधल्या टेबलाशी मोती बसला होता, आता दफ्तराचा प्रमुख. केस पांढरे झाले होते, पण बसायची ढब तीच. बाईंना बघून तो उठला, खुर्ची पुसली.

“बाई! तुम्हाला उगाच ओढलं यात. मी साहेबांना म्हटलं, वय झालं होतं, नजरचूक झाली असेल. तसं लिहून द्या, मोकळ्या व्हा. मी बघतो पुढचं.”

“नजरचूक?” बाई बसल्या. “मोती, त्या नकलेची रुजवात कुणी कुणी घेतली होती?”

“आपण दोघांनी.”

“वाचलं कुणी?”

“मी वाचलं असेन. खुणा तुमच्या आहेत ना.”

“म्हणजे तू वहीतून एकोणीस वाचलंस, म्हणून मी ठिपका दिला.”

मोती हसला. “किंवा मी नऊ वाचलं आणि तुम्ही एकोणीस ऐकलंत. तेरा वर्षं झाली, बाई. कुणाला आठवतंय?”

बोलता बोलता तो एक वही चाळत होता. डाव्या अंगठ्यावर केशरी रबरी टोपी, पानं उलटायची.

“ही टोपी कधीपासून? तू तर ओल्या स्पंजावर अंगठा टेकवायचास. पानं खराब होतात म्हणून मी ओरडायची तुला.”

“गेल्या वर्षीपासून. स्वच्छ पडतं.” त्याने वही मिटली. “चहा सांगू?”

“नको. घरी कसं काय? लेक बरी आहे?”

मोतीचा चेहरा उजळला. “उत्तम! जावयाचं चष्म्याचं दुकान निघतंय पुढच्या महिन्यात. किती वर्षं नुसता दुसऱ्याच्या दुकानात राबला बिचारा. आता जागा मिळाली, अगदी मोक्याची. पाटीसुद्धा रंगवायला टाकलीय, पावणेनऊ फुटांची! उद्घाटनाला यायचं बरं का.”

बाईंनी चष्मा नीट केला. म्हणाल्या, “तोवर बाहेर असले तर येईन. त्या वर्षाच्या वहीचं शेवटचं पान बघायचंय. वही साहेबांकडे आहे, पण वर्षअखेरच्या शेऱ्याची प्रत तुझ्या फाइलीत असेल.”

“तो कशाला हवाय?”

“म्हातारपणाचा चाळा.”

फाइल काढायला मोतीला थोडा जास्तच वेळ लागला. शेरा एका ओळीचा होता: या वर्षाच्या नोंदी येथे संपल्या, पुढे नऊ पाने कोरी. बाईंनी तो दोनदा वाचला, आणि जिना चढून परत साहेबांच्या खोलीत गेल्या. कुणाला न विचारता वहीच्या मागची कोरी पानं मोजली. एकदा सुलट, एकदा उलट.

आठ.

बाइंडरचं दुकान कचेरीच्या मागच्या गल्लीत. खळीचा वास, चामड्याच्या पट्ट्या, आणि त्यात बसलेला बाइंडर. त्याच्या हातांवर सुरीचे आणि टोच्याचे इतके व्रण होते की नवीन वाराला जागा नव्हती.

“आलात?” तो वर न बघता म्हणाला. “सकाळी साहेबांचा माणूस येऊन गेला. वहीत घोळ झाला तर बाइंडरचाच असणार म्हणे. मी शिवतो, बाई. वाचत नाही.”

“पण मोजतोस ना?”

“मोजल्याशिवाय कोण शिवतो?”

“गेल्या वर्षी ती वही आली तेव्हा मागं कोरी पानं किती होती?”

“ती वही?” त्याने टोचा खाली ठेवला. “ती नीट आठवतेय. तिच्यावरून माझं नि मोतीरावांचं वाजलं होतं. एरवी जुना दोरा मी स्वतः उसवतो. ते माझं काम. ही वही आली ती आधीच उसवलेली. पानं सुटी, वर नाडी बांधून. मी म्हटलं, कुणी कापला दोरा? तर म्हणाले, तुला काय करायचंय, तू शीव.”

“आणि कोरी पानं?”

“आठ. हे बघा, लिहून ठेवतो मी.” त्याने भिंतीवरच्या खिळ्यातून एक चिठ्ठी उपसली. “मागं कोरी आठ. नंतर कुणी म्हणेल बाइंडरने पान चोरलं, म्हणून आधीच लिहितो.”

“अंगठा दाखव.”

“काय?”

“डावा अंगठा. त्या गादीवर टेकव आणि या कागदावर उमटव.”

“माझ्यावर संशय? तुम्हीसुद्धा?” बाइंडर उसळला. मग धुसफुसत त्याने अंगठा उमटवला. बाईंनी कागद उजेडात धरला. अंगठ्यावर आडवे-उभे चार वण होते, एखाद्या चौकटीसारखे.

“देव तुझं भलं करो,” त्या म्हणाल्या. “चिठ्ठी घेऊन चल माझ्याबरोबर.”

साडेचार वाजता खोली भरली होती. साहेब, दीर, शिंपीण, दाराशी बाइंडर. बाईंनी मोतीलाही बोलावून घेतलं होतं. तो हात मागे बांधून उभा होता.

“लवकर आटपा,” साहेब म्हणाले. “अहवालावर माझी सही तेवढी राहिलीय.”

“ती जरा राहू द्या. साहेब, एक सांगा. नक्कल झाली की आपण काय करतो?”

“रुजवात घेतो. तुम्हीच घ्यायचात.”

“कशाशी?”

“मूळ वहीशी. यात काय विचारायचं?”

“आणि मूळ वहीची रुजवात कशाशी घेतो?”

“मूळ वहीची कशी घेणार? ते मूळच आहे. कशाशी ताडणार?”

“तेच म्हणते मी.” बाईंनी वही उघडून त्यांच्यापुढे फिरवली. “मग या पानाच्या पाचही ओळींच्या शेवटी या पेन्सिलीच्या रेघा काय करताहेत?”

साहेब वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

“अख्खी वही चाळा,” बाई म्हणाल्या. “दुसऱ्या एकाही पानाला पेन्सिल लागलेली नाही. मूळ वहीला पेन्सिल लावायची नाही, हा इथला पहिला धडा. रुजवातीची खूण असते ती नकलेवर. म्हणजे हे पान नक्कल आहे. कुणीतरी मूळ पान समोर ठेवलं, बाकीच्या चार नोंदी जशाच्या तशा उतरवल्या, सह्या गिरवल्या, दफ्तरातलाच शिक्का मारला, आणि तिसऱ्या ओळीत एकोणीसचे नऊ केले. कागद कुठून आणला? याच वहीच्या मागून, म्हणजे जुनाच. शेरा सांगतो नऊ पानं कोरी राहिली. मोजा, आठ आहेत. बाइंडरकडे आली तेव्हाही आठच होती, आणि दोरा आधीच कापलेला होता.”

बाइंडरने चिठ्ठी टेबलावर ठेवली, जरा जोरातच.

“बनाव आहे!” दीर उठला. “तज्ज्ञाने सांगितलंय, अक्षर त्याच कारकुनाचं आहे!”

“बरोबर सांगितलंय. अक्षर खरंच त्याचंच आहे. तेरा वर्षांपूर्वी त्यानेच लिहिलं, आणि गेल्या वर्षीही त्यानेच. स्वतःच्याच अक्षराची नक्कल कोणता तज्ज्ञ पकडणार?”

सगळ्यांच्या माना मोतीकडे वळल्या.

“बाई, एवढ्या वर्षांचा संबंध,” तो म्हणाला. “पेन्सिलीच्या रेघा कुणीही मारू शकतो.”

“मारू शकतो. पण खूण ज्याची त्याची असते. माझा ठिपका. तुझी तिरकी रेघ, खालून वर. मीच म्हटलं होतं, माझ्यासारखा ठिपका देऊ नकोस, उद्या कुणी विचारलं तर कळायला हवं कुणाची.” बाई रेघांवर बोट ठेवून म्हणाल्या. “एकट्यानेच बसला असशील. पान लिहून झालं, आणि न ताडता कागद पुढे सरकवणं तुझ्या हाताला जमेना. तू बोट ठेवून एकेक ओळ ताडलीस नि खुणा केल्यास. खोटं पान करायलाही तू रुजवात घेतलीस रे, मोती.”

“हा पुरावा नाही,” साहेब म्हणाले. पण आता त्यांनी पेनाला टोपण घातलं होतं.

“नाही. पुरावा पुढे आहे. बाळ, इकडे ये.” बाईंनी शिंपिणीचा डावा हात धरला, गादीवर टेकवला आणि कोऱ्या कागदावर उमटवला. “तिसऱ्या ओळीत खबर देणारीचा अंगठा आहे. हिचा असायला हवा. बघा जुळतो का.”

शाळेच्या पोरालाही कळलं असतं. हिच्या अंगठ्यावर गोल भोवरा. वहीतल्यावर कमान, आणि तिच्यामधून तिरकी पांढरी रेघ.

“आता पहिल्या ओळीतला अंगठा बघा. पाचव्या ओळीतला बघा. तीन वेगळ्या घरची तीन माणसं, आणि तिघांच्या अंगठ्यांवर एकच रेघ. गादीला सुरकुती असती तर पुढच्या-मागच्या पानांवरही दिसली असती. ती गादीची नाही साहेब, जखमेची आहे. कागदाची सुरी लागली की असा वण राहतो.”

“मग बाइंडर!” दीर ओरडला.

“त्याचा अंगठा घेतलाय मी. त्यावर चार वण आहेत. इथं एक आहे.” बाई मोतीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. “एवढी दहा बोटं होती तुला. तीन नोंदींना तीन वेगळी बोटं टेकवली असतीस तर ही रेघ माझ्या डोळ्यांत भरलीच नसती. पण नियम आहे ना, डावा अंगठा. तिन्ही वेळा डावा अंगठाच दिलास. काढ ती टोपी.”

मोतीने हात पाठीमागेच ठेवला.

“काढा,” साहेब म्हणाले.

केशरी टोपी टेबलावर पडली. अंगठ्यावरून एक पांढरी रेघ तिरकी गेली होती.

शिंपिणीने तोंडावर हात ठेवला. दीर दाराकडे सरकला; पण दारात बाइंडर होता, आणि त्याला सकाळपासूनचा राग होता.

“मी या माणसाला ओळखतही नाही,” दीर म्हणाला. “कारकुनाने काय केलं ते कारकून जाणे. याने असं का करावं?”

“पावणेनऊ फूट,” बाई म्हणाल्या.

दिराचं तोंड उघडंच राहिलं.

“पाटी रंगवणाऱ्याने हिच्या दुकानाचं माप घेतलं, पावणेनऊ फूट. याच्या जावयाच्या दुकानाची पाटी पावणेनऊ फूट. जागा मोक्याची, पुढच्या महिन्यात उघडायची. हिला बाहेर काढल्यावर टाकीसमोरचं दुकान कुणाला मिळणार होतं, ते आपल्या तोंडाने सांगता का? का पाटीवाल्याला बोलावू?”

“लेकीसाठी,” मोती म्हणाला. त्याने कुणाकडे बघितलं नाही. “बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे दाखले लिहिले. माझ्या पोरीला काय दिलं मी? यांनी म्हटलं, एक आकडा. एकच आकडा, मोतीराव, कुणाचं काय बिघडतंय?”

“माझं!” शिंपीण किंचाळली. “माझं बिघडत होतं! उद्या तुरुंगात गेले असते मी! तुमची लेक ती लेक, आणि मी कोण?”



साहेबांनी अहवाल उभा फाडला. “मूळ पान नष्ट केलंत?”



“नसणार,” रुजवातबाई म्हणाल्या. “याने नोकरीत कधी चिठोरं फाडलेलं नाही. मोती, पान कुठंय?”

मोतीने पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. डोळे भरले होते, आणि चेहऱ्यावर एक विलक्षण अपमान होता, जणू पान फाडलंस का, असं विचारणं हीच शिवी होती. “मूळ कागद फाडायचा नाही. तुम्हीच शिकवलंत. खालच्या घोड्यावर, डावीकडून चौथी फाइल.”

शिपाई धावत जाऊन घेऊन आला. फाइलीवर टपोऱ्या अक्षरात नंबर होता, विषय होता: ‘बदललेले पान’. कचेरीच्या शिस्तीत काही कमी पडू दिलेलं नव्हतं.

तिसरी ओळ. एकोणीस. तीन अंगठे, तीन माणसांचे. मधल्यावर गोल भोवरा. ओळींच्या शेवटी काहीच नाही. नुसता स्वच्छ कागद.

साहेबांनी फोन उचलला. पोलीस यायला वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात दिराने मोतीला शिव्या घातल्या, मोतीने एकही परत केली नाही, आणि साहेबांनी स्वतः नक्कल लिहायला घेतली. त्यांचं अक्षर भयानक होतं.

“वाचा,” त्यांनी बाईंना फर्मावलं. माफीबिफी काही नाही. “आणि पुढच्या वेळी परवानगीशिवाय कचेरीच्या माणसांची चौकशी करत फिरायचं नाही.”

“पुढच्या वेळी खोटं पान तुम्ही ओळखा, मी घरी चहा पीत बसेन.”

त्यांनी वाचायला सुरुवात केली. त्याच जुन्या चालीवर. नाव, वय, राहण्याचं ठिकाण. बाहेरच्या रांगेत कुणीतरी कुणाला तरी शू केलं. दाराशी पोलिसांच्या मध्ये उभा असलेला मोती मान खाली घालून ऐकत होता, आणि ओळ संपली की त्याचा डावा हात नकळत हलत होता. तारखेपाशी बाई थांबल्या, श्वास घेतला आणि म्हणाल्या, “एकोणीस.”

“एकोणीस,” साहेब म्हणाले आणि खूण केली.

शिक्का बसला. शिपायाने पोचवही पुढे केली, पेन दिलं. “बाई, सही येते ना?”

“येते.” शिंपिणीने पेन हातात घेतलं, क्षणभर धरलं आणि टेबलावर ठेवून दिलं. मग फीत गळ्यामागे टाकून तिने शाईची गादी आपल्याकडे ओढली.

“पण आज अंगठाच देते.”